बाकाकडून खुर्चीकडे : सार्वजनिक आसनाचा एक अभ्यास

आपल्या अभ्यासात एक प्रश्न वारंवार येतो : 'जुन्या सार्वजनिक आसनापासून प्रेरणा घेऊन आधुनिक खुर्चीचा आराखडा तयार करा.' प्रश्न सोपा वाटतो आणि म्हणूनच बहुतेक उत्तरे एकसारखी येतात. बागेतल्या जुन्या बाकाचे बिडाचे पाय, त्यांवरची वेलबुट्टी आणि गोलसर वळलेले हात कागदावर उतरवायचे, बाकाची रुंदी आखडून त्याची खुर्ची करायची आणि वर 'आधुनिक' असे लिहायचे. चित्र देखणे असते, गुणही बरे मिळतात. परंतु त्या चित्रात बाक उतरलेले नसते. उतरलेला असतो तो बाकाचा पोशाख.

प्रेरणा म्हणजे नक्कल नव्हे, हे आपण सगळेच म्हणतो. मग प्रेरणा घ्यायची ती नेमकी कशाची? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार नागपूरच्या परिसरात रोज दिसणाऱ्या गोष्टींवरून करावयाचा आहे. शेवटी एका खुर्चीचा आराखडा मापांसह दिला आहे. तो उत्तर म्हणून पाठ करण्यासाठी नाही. विचारातून माप कसे निघते, हे दिसावे म्हणून आहे.

आधी बसून पाहा

नागपूरला आगगाडी आली १८६७ साली. आजची स्टेशनची दगडी इमारत त्यानंतरची; १५ जानेवारी १९२५ रोजी मध्यप्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे मार्ग येथे एकमेकांना मिळतात. त्यामुळे दिवसाच्या आणि रात्रीच्या कोणत्याही प्रहरी कोणी ना कोणी गाडीची वाट पाहत फलाटावर बसलेले असते. आपल्या अभ्यासासाठी याहून चांगली जागा नाही.

वही-पेन्सिल घेऊन अर्धा तास तेथे बसा. बाकाचे चित्र लगेच काढू नका. माणसे कशी बसतात तेवढेच टिपा. कोणी सरळ पाठ टेकून बसलेला क्वचित दिसेल. एखादी आजी एक पाय खाली सोडून दुसरा मांडीखाली घेते. कोणी बाकाच्या टोकाला तिरपा बसतो आणि हातावर कोपर टेकवून गाडीच्या दिशेने पाहत राहतो. एखादी बाई लेकराला बाकावर निजवून स्वतः जेमतेम चार बोटे जागेवर टेकते. सामान बाकाखाली जाते आणि बसणाऱ्याची टाच अधूनमधून मागे जाऊन ते जागेवर आहे ना, याची खात्री करून घेते. दोन अनोळखी माणसे बसली की ती दोन टोकांना बसतात. तिसरा येतो, 'जरा सरकता का?' म्हणतो, आणि दोघेही थोडे थोडे सरकतात.

हे शेवटचे दृश्य नीट ध्यानात ठेवावे. खुर्ची एकाच माणसाची असते. तिच्यावर कोणी बसले की ती भरली. बाक मात्र कधी पूर्ण भरलेले नसते. ते किती जणांचे, हे बसणारेच आपसांत ठरवतात. आपल्याला बाकाकडून खुर्चीकडे जावयाचे आहे, तेव्हा वाटेत नेमकी हीच गोष्ट हरवण्याचा धोका आहे.

पाहण्याची ही रीत माझ्या पदरची नाही. अमेरिकन रचनाकार चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल सादर केला. अहमदाबादची राष्ट्रीय रचना संस्था १९६१ साली स्थापन झाली, ती या अहवालातून. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याविषयी लिहिले आहे. त्यांनी लोट्याच्या आकाराचे नुसते कौतुक केले नाही, तर प्रश्नांची यादी केली : पाणी किती मावावे, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, डोक्यावर, कमरेवर, हातात तो कसा बसतो, ओततो कसा, घासायला कसा आहे, किंमत काय पडते. बाकासमोर बसून आपणही अशीच यादी करावी.

आसन आणि मान

रेल्वेच्या आधी आपल्याकडे सार्वजनिक आसने नव्हती असे नाही. पिंपळाचा किंवा वडाचा पार होता, घरापुढचा ओटा होता, चावडी होती, नदीच्या घाटाच्या पायऱ्या होत्या. या सर्वांत काही समान गुण आहेत. त्यांना पाठ नाही, हात नाहीत, आणि बैठक इतकी ऐसपैस की मांडी घालून बसता येते. रात्री त्यांवर कोणी आडवा झाला तरी चालते. उन्हाळ्यात पाराला झाडाची सावली मिळते, म्हणजे आसन आणि छत्र एकाच वेळी.

पण पाराचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. पार गावाचा म्हणत, तरी सगळे गाव त्यावर बसू शकत नव्हते. कोण पारावर बसेल, कोण खाली मातीत बसेल आणि कोण लांब उभा राहील, हे जन्माने ठरलेले असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत सांगितले आहे की, लहानपणी शाळेत त्यांना वेगळे बसावे लागे, तेही घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे. म्हणून तो रोज घरी न्यावा आणि दुसऱ्या दिवशी परत आणावा लागे. त्याच आठवणींत १९०१ सालचा मसूर स्टेशनवरचा प्रसंग आहे. वडिलांकडे निघालेली ही मुले गाडीतून उतरून कोणी न्यायला येईल म्हणून वाट पाहत होती. पोशाख चांगला होता. स्टेशनमास्तरने आपुलकीने विचारपूस केली. मुलांच्या तोंडून जात कळताच त्याचा चेहरा पालटला आणि तो मागे सरला.

आसनाच्या पाठात हा प्रसंग कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु नागपुरात हा विषय शिकताना तो टाळणे बरे नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच शहरात धम्मदीक्षा घेतली आणि तेव्हापासून दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसे या स्टेशनवर उतरतात. फलाटावरच्या बाकाने जातिभेद मिटवला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. डब्यांत वर्ग होते, प्रतीक्षालयेही वर्गवार होती, आणि मसूरचा स्टेशनमास्तर रेल्वेचाच होता. पण खुद्द बाक कोणाला ओळखत नाही. ते बनवणाऱ्याला त्यावर कोण बसणार हे ठाऊक नव्हते, म्हणून त्याला ते कोणासाठीही बनवावे लागले. सार्वजनिक आसनाचा मुख्य गुण हा आहे. आपल्या खुर्चीत उतरवायचे ते हेच : न पाहिलेल्या माणसाचा विचार.

जुन्या बाकाची रचना

आता बाकाकडे वळू. जुन्या रेल्वेबाकांत आणि बागेतल्या बाकांत एक नमुना सर्वत्र आढळतो. दोन टोकांना बिडाच्या चौकटी आणि त्यांवर आडव्या लाकडी पट्ट्या. यातील प्रत्येक गोष्टीला कारण आहे.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते दाब उत्तम सहन करते, पण ताण आणि आघात सहन करत नाही, पटकन तडकते. म्हणून बिडाचे पाय जाड आणि कमानदार असत. लाकडाचा एक साचा तयार केला की वाळूत त्याचे ठसे घेऊन हवे तितके पाय ओतता येत. वितळलेल्या धातूला सरळ रेषा काय आणि वेलबुट्टी काय, दोन्ही सारखीच. एकदा साचा कोरला की पुढे नक्षीला वेगळा खर्च नाही. त्याच साच्यात रेल्वे कंपनीची आद्याक्षरेही बसवता येत. म्हणजे ती वेलबुट्टी ओतकामातून सहज आलेली होती. तीच वेलबुट्टी आज आपण लोखंडी पाइप वाकवून करू गेलो, तर प्रत्येक वळणाला वेगळी मजुरी पडते, वेल्डिंगचे सांधे वाढतात आणि सांध्यांत गंज धरतो. जी गोष्ट तेव्हा स्वाभाविक होती ती आज नाटकी होते. पोशाख उतरवून ठेवायचा तो यासाठी.

पट्ट्यांचे कारणही असेच आहे. लाकूड ओल शोषून फुगते आणि सुकून आकसते. हा फरक मुख्यतः रेषांच्या आडव्या दिशेने पडतो. एकच रुंद फळी उन्हापावसात ठेवली तर ती वाकते किंवा चिरते. तीच रुंदी अरुंद पट्ट्यांत विभागली तर प्रत्येक पट्टी आपापल्यापुरती फुगते, आकसते. मधल्या फटीतून पावसाचे पाणी निथळते, हवा खेळते, घाम धरत नाही. एखादी पट्टी मोडली तर तेवढीच बदलता येते.

आणि लाकूडच का? याचे उत्तर नागपूरचा मे महिना देतो. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की उन्हातल्या लोखंडी आसनाला हात लावता येत नाही. सिमेंटची बाके आपल्या बागांतून आणि एस.टी. स्थानकांवर पुष्कळ दिसतात. 'यांच्या स्मरणार्थ' अशी अक्षरे त्यांवर असतात. ती टिकाऊ खरी, पण दिवसभर शोषलेली उष्णता संध्याकाळी उशिरापर्यंत सोडत राहतात. लाकूड उष्णतेचे मंद वाहक आहे. तेही तापते, पण ती उष्णता अंगाला एकदम देत नाही. शिवाय लाकूड आपल्या दाराशी आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला, आलापल्ली-बल्लारपूरचा साग देशभर नावाजलेला आहे. २०२३ साली उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठीही सागवान गेले ते नागपूरहून. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे वाळवी आणि ओल यांना तो इतर लाकडांपेक्षा चांगला तोंड देतो.

इतरांनी काय केले

जुन्यातून नवे घडवणारे आपण पहिलेच नव्हे. तीन उदाहरणे पाहू.

पहिले मायकेल थोनेट यांच्या चौदा क्रमांकाच्या खुर्चीचे, सन १८५९. बीच झाडाचे लाकूड वाफेवर मऊ करून वाकवलेले. सारी खुर्ची लाकडाच्या सहा तुकड्यांची, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटे भाग एका घनमीटरच्या खोक्यात भरले तर छत्तीस खुर्च्या मावत. व्हिएन्नाच्या कॉफीगृहांत ती गाजली. आपल्या मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या याच कुळातल्या.

दुसरे १९३९ सालचे. झुरिक येथील राष्ट्रीय प्रदर्शनाच्या मैदानात लोकांना बसण्यासाठी हान्स कोराय यांनी ॲल्युमिनियमची 'लांडी' खुर्ची तयार केली. तिच्या पत्र्याला ९१ छिद्रे आहेत. छिद्रांमुळे खुर्ची हलकी होते आणि पाणी निथळते. बाकाच्या फटीचे काम येथे छिद्राने केले. रूप बदलले तरी कारण कायम राहिले. प्रेरणा म्हणतात ती ही.

तिसरे उदाहरण आपल्याच देशातले. चंडीगड वसवताना १९५० नंतरच्या दशकात पिअर जानरे यांच्या देखरेखीखाली सरकारी कचेऱ्या आणि ग्रंथालये यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या झाल्या. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे पाय, वेताची हवेशीर बैठक, आणि आपल्या सुतारांना सहज जमणारी जोडणी. पुढे त्या मोडक्या म्हणून अंगणांत, गच्च्यांवर ढीग करून पडल्या आणि त्यांतल्याच कित्येक परदेशी लिलावांत लाखो रुपयांना विकल्या गेल्या. सर्वांसाठी केलेली वस्तू शेवटी मोजक्यांच्या दिवाणखान्यात गेली. आपण तिची दुरुस्ती करत राहिलो असतो, तर कदाचित हे झाले नसते. म्हणून दुरुस्तीची सोय हाही आराखड्याचाच भाग मानावा.

एका खुर्चीचा आराखडा

आता प्रत्यक्ष खुर्ची. तिच्याकडून आपल्या अपेक्षा अशा : बसणारा कोण हे ठाऊक नसताना ती बहुतेकांना चालावी, एक पाय वर घेता यावा, म्हाताऱ्या माणसाला उठताना आधार मिळावा, उन्हात आणि पावसात टिकावी, गल्लीतल्या सुताराला दुरुस्त करता यावी, आणि दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या तर त्यांचे बाक व्हावे.

यातील दोन अपेक्षा परस्परविरोधी आहेत. उठताना आधार हवा तर हात हवेत. पाय वर घ्यायचा तर हात आड येतात. जुन्या बाकाने हा प्रश्न कसा सोडवला? हात फक्त दोन टोकांना, मधली जागा मोकळी. यावरून आपला निर्णय निघतो : खुर्चीला एकच हात द्यावा. काहींना डावा, काहींना उजवा. एकेकटी असताना उघड्या बाजूने तिरपे बसता येते. डावी-उजवी जोडून ठेवली की दोन टोकांना हात आणि मध्ये सलग बैठक असे दोघांचे बाक तयार होते. मध्ये लहान मूल निजवता येते. तिसऱ्यासाठी सरकताही येते.

मापे पुढीलप्रमाणे.

बैठकीची उंची पुढे ४२ सें.मी., मागे ३९ सें.मी. पुष्कळ तयार खुर्च्या ४५ सें.मी. किंवा त्याहून उंच असतात. त्यांवर आपल्याकडील अनेक स्त्रियांचे आणि वृद्धांचे तळवे जमिनीला पुरते टेकत नाहीत, मांडीखाली रग लागते. उंच माणूस थोड्या बुटक्या आसनावर निभावून नेतो. बुटक्या माणसाला उंच आसनावर काही उपाय नसतो. मागचा तीन सें.मी. उतार पाठ टेकण्यासाठी.

बैठकीची खोली ४३ सें.मी., रुंदी ६० सें.मी. पूर्ण मांडी घालायला याहून खोल बैठक लागेल. पण ती केली तर ठेंगण्या माणसाची पाठ टेकणार नाही. येथे आपण एक पाय वर घेण्यावर समाधान मानले आहे. प्रत्येक आराखड्यात अशी एखादी तडजोड असते. ती लपवू नये, टिपणात लिहावी.

पट्ट्या ४८ मि.मी. रुंद, २० मि.मी. जाड, ६० सें.मी. लांब, मधली फट ७ मि.मी. बैठकीला आठ पट्ट्या : ८ × ४८ अधिक ७ × ७, म्हणजे ४३३ मि.मी. फट याहून मोठी केली तर लहान मुलाचे बोट अडकू शकते, फार लहान केली तर धुळीने बुजते. पाठीला चार पट्ट्या, बैठकीपासून १५ सें.मी. जागा मोकळी सोडून वर. पाठीचा कोन बैठकीशी सुमारे १०० ते १०५ अंश. हात बैठकीपासून २१ सें.मी. उंच.

एकूण बारा पट्ट्या, म्हणजे ७.२ मीटर. रंधलेले लाकूड हिशेबाने जवळजवळ पाव घनफूट होते. करवत आणि रंध्याची तूट धरून तिसरा हिस्सा घनफूट घ्यावे. चौकट २५ मि.मी. चौकोनी लोखंडी पाइपची, कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात होण्यासारखी. दोन बाजूंच्या चौकटी आणि त्यांना जोडणारे दोन आडवे दांडे मिळून सुमारे पाच मीटर पाइप लागेल. खुर्चीचे वजन दहा किलोच्या आसपास येईल. एका माणसाला उचलता येते, वाऱ्याने उलटत नाही.

पट्ट्या खालून आणि मागून बोल्टने बसवाव्यात, म्हणजे तापलेले लोखंड अंगाला लागणार नाही. चौकटीतले भोक बोल्टपेक्षा किंचित मोठे ठेवावे. लाकडाला हलायला वाव राहतो. पुढच्या पट्टीची कड गोल करावी. उघड्या बाजूला पट्ट्या चौकटीच्या किंचित बाहेर येऊ द्याव्यात, म्हणजे दोन खुर्च्या जोडल्यावर पट्ट्या एका रेषेत भिडतील आणि चौकट मध्ये खुपणार नाही. पाइपची तोंडे बंद करावीत. नाहीतर पावसाचे पाणी आत राहून पाय आतून गंजतो आणि बाहेरून कळतही नाही.

तपासणी

कागदावरचा आराखडा एकास पाच प्रमाणात काढावा. त्यानंतर बाजूची चौकट प्लायवूडवर खऱ्या मापात काढावी. मग खोक्याच्या हलक्या लाकडाची कच्ची खुर्ची ठोकावी आणि तिच्यावर निरनिराळी दहा माणसे बसवावीत. वर्गातले दहा मित्र नकोत. आजी, गरोदर बाई, जाडजूड माणूस, शाळकरी मूल, काठी घेऊन चालणारे गृहस्थ, दिवसभर उभे राहून दमलेला कामगार. त्यांना 'कशी वाटते?' असे विचारू नये. आपली माणसे भिडेने 'छान आहे' म्हणतात. दहा मिनिटे बसू द्यावे आणि ती किती वेळा चुळबुळतात, ते मोजावे.

अलीकडे स्टेशने, विमानतळ आणि रुग्णालये येथे छिद्रे पाडलेल्या पोलादी पत्र्याची आसने आली आहेत. ती स्वच्छ ठेवायला सोपी आहेत, टिकतातही. परंतु पुष्कळ ठिकाणी दर माणसामागे एक दांडा घातलेला असतो. दांड्यामुळे उठायला आधार मिळतो, हे खरे. पण रुग्णालयाच्या बाहेर रात्र काढणाऱ्या नातेवाइकाला त्यावर पाठ टेकता येत नाही, लेकराला निजवता येत नाही. कोणी येथे निजू नये, हा हेतू त्या दांड्यात ओतलेला असेल तर रचनाकाराने एका माणसाला ओळखून बाजूला केले आहे. मसूरच्या स्टेशनमास्तरने ते तोंडाने केले होते. येथे ते वेल्डिंगने होते. आपला आराखडा तपासताना हा प्रश्न सगळ्यांत शेवटी नव्हे, सगळ्यांत आधी विचारावा : या आसनावर कोणाला बसता येणार नाही?

पुढील वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी एक काम सुचवतो. वरील मापांनी, किंवा स्वतः सुधारलेल्या मापांनी, एक डावी आणि एक उजवी अशी जोडी तयार करावी. ती महाविद्यालयाच्या व्हरांड्यात आठवडाभर ठेवावी. चार दिवस जोडून, तीन दिवस अलग. कोण बसले, कसे बसले, किती वेळ बसले, आणि शिपाई, सफाई कामगार, बाहेरून आलेले पालक यांपैकी कोणी बसले का, याची रोज नोंद ठेवावी. कोणीच बसले नाही, तर तीही नोंद करावी, आणि खुर्ची पुन्हा सुताराकडे न्यावी.